झाडलोट

विट्यापासून तेरा किलोमीटर,
घाटमाथ्यावरच्या आमच्या हायस्कुलात
मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं.
म्हणजे आम्ल निळा लिटमस तांबडा करतं, हे
एकतीस वेळा फळ्यावर लिहिलं.
लिटमस कागद त्यातल्या चार वर्षी होता.

यंदा यात्रेला नेताजी आला.
नाव नेताजी, बाक कायम शेवटचा.
आता त्रिशूरला स्वतःचं गलाईचं दुकान,
पोरं देवळाच्या पायरीवर खोबऱ्यासाठी भांडतात
तीही मल्याळममध्ये.

पाया पडला. हात धरून उठवला
तर बोटांची टोकं पिवळी,
नखं कुणी कुरतडल्यासारखी.
नायट्रिक, मी म्हटलं.
'व्हय सर. आमचा शेठ त्याला पाणी म्हणायचा.
पहिल्यांदा मी बी पाणीच समजलो.'
तो हसला.
एच एन ओ तीन,
हे सूत्र मी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं,
छडी मारून.
अंगावर सांडलं तर काय करायचं
हे पुस्तकात होतं का?
असावं. चौकटीत, बारीक अक्षरात.
चौकटीवर प्रश्न येत नसे.

चहाला बसलो. काय काय शिकलास रे तिकडं?
तो बराच वेळ बशीत फुंकर घालत राहिला.
मुशीतला रंग बघून सोनं कधी पाणी झालं ते ओळखायचं.
शेठला हिशेब मागायचा, पण आवाज न चढवता.
रात्रीच्या गाडीत पैसे कुठं ठेवायचे.
तापात एकट्यानं पेज करून प्यायची.
'आन् सर, झाडलोट टाकायची न्हाई.'

दुकानातली धूळ पोत्यात भरून ठेवतात म्हणे,
भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी.
दारातलं पायपुसणंसुद्धा
वर्षाच्या शेवटी जाळतात,
राख चाळतात, धुतात, पुन्हा आटवतात.
'येवढं निघतं,' त्यानं करंगळीचं नख दाखवलं,
'पण निघतं. मोकळं कधी जात न्हाई.'

तो सहज सांगत होता,
मला टोचायला नव्हे, तेवढं मी त्याला ओळखतो.
माझ्या चहावर साय धरली.

त्या वर्षी शाळेला शंभर टक्के निकाल हवा होता.
अनुदानाचं काहीतरी होतं,
संस्थेचे अध्यक्ष दोनदा येऊन गेले होते.
आम्ही चौघं स्टाफरूममध्ये दार लोटून
नववीच्या यादीवर लाल पेन फिरवत बसलो.
ह्याचा बाप भांडेल, ह्याला राहू दे.
नेताजीचा बाप भांडणारा नव्हता.
मीच गेलो त्याच्या घरी. मीच समजावलं,
सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस,
पेपर तेच, बोर्ड तेच, फरक काय?
त्याच्या आईनं पिशवीभर शेंगा दिल्या.
मी घेतल्या.

जूनमध्ये तो मामाबरोबर गेला.
पुढच्या साली निकाल लागला, शंभर टक्के.
पेढे वाटले. फोटोत मी उजवीकडून दुसरा.

आता लग्नात, पारावर, कुणीही विचारतं,
सर, तुम्ही आयुष्य घातलंत,
पोरांना नेमकं काय शिकवावं हो?
मी कॉम्प्युटर म्हणतो, इंग्रजी म्हणतो,
समोरच्याची मान हलेल असं काहीतरी.
घरी कपाटात मात्र एक जुनी वही आहे,
तिच्यात अकरा नावं,
एकतीस वर्षांतली, लाल पेनातली.
ती मी अजून टाकलेली नाही,
आणि उघडतही नाही.

निघताना चप्पल घालता घालता
नेताजी थांबला.
'सर, एक इचारू? ते लिटमस
खरंच तांबडं होतं का?'

होतं की, मी म्हटलं.

'आमच्या साली कागदच न्हवता,' तो म्हणाला,
आणि पिवळ्या बोटांनी
चपलेचा अंगठा सरळ करू लागला.