कामाचे स्वरूप: बघणे

रात्री साडेनऊला फोन. पापडी धरत नाही.
म्हणजे पडते,
पण रोलरखालून निघाली की खारीसारखे पदर सुटतात
आणि चाळणीवर पोचेपर्यंत निम्मी भुकटी.

भोसरीहून निघालो.
हडपसर, लोणी, यवत, पाटसचा टोल.
मागच्या सीटवर डायल गेज, शिम्स, ग्रीसगन
आणि न उघडलेला डबा.
कुरकुंभच्या गेटवर वॉचमननं विचारलं, काम काय?
म्हटलं, बघतो.
त्यानं रजिस्टरात तेच लिहिलं.

जाचक साहेब प्रेसपाशीच उभे. दाब वाढवला, म्हणाले.
शंभर बार होता, एकशे तीस केला,
मग दीडशे.
बेअरिंग पंच्याऐंशी अंशांवर गेलं
आणि पापडी आधीपेक्षा जोरात फुटली.

मी लगेच पाना हातात घेत नाही.
याला आमच्या ऑफिसात आळस म्हणतात.

गॅप मोजला. डावीकडे तीन पॉइंट एक, उजवीकडे तीन पॉइंट दोन.
रोलरचे खण झिजलेत, पण बारा हजार तासांत
कुणाच्याही कडा एवढ्या झिजतात.
स्क्रूचं टोक शाबूत.
ओलाव्याची चिठ्ठी लॅबच्या खैरे मॅडमनी दोनदा दिली,
दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

सुई मात्र ठरत नव्हती.
अँपिअर वर, आचका, खाली.
जणू कुणी जड गोणी उचलतंय, ठेवतंय,
पुन्हा तीच उचलतंय.

हॉपरचं झाकण काढून टॉर्च मारला.
आत गार, कोरडी पावडर
पिठल्यासारखी रटरटत होती.

हवा.
मूठभर पावडरीत अर्धी मूठ हवाच असते.
स्क्रू पुढे रेटतो, रोलर मागे पाठवतात,
तिला जायला एकच चार इंची पाइप.
तो मिळाला नाही की ती पापडीत लपते,
दाब सुटला की आतून दार उघडते.
दीडशे बारनं काय होणार,
आपण दार आणखी घट्ट लावत होतो.

लोखंडी जिना चढलो. पाइपच्या तोंडाला पोतं.
दोन घड्या, वर सुतळी,
सुतळीला निरगाठ. घाईत मारलेली नव्हे.
पोतं भाकरीसारखं टम्म.

कुणी केलं हे? जाचक साहेब खालून ओरडले.
रोलर फिरत राहिले.
मग तांबोळी, पॅनेलवरचा, हात पुसत वर आला.
मी, म्हणाला.
खाली गुंजाळबाई गोण्या शिवतात.
धूळ नेमकी त्यांच्या डोक्यावर.
मास्क मागितले होते. कागद गेला.
कागद अजून गेलेलाच आहे.

गाठ मला सुटेना. त्यानंच सोडली.
पोतं बसलं. हॉपर निवला.
चार मिनिटांनी सुई नव्वदवर आली आणि तिथंच राहिली.
खाली पहिली अख्खी पापडी पडली, टण्ण.
जाचक साहेबांनी ती दोन्ही हातांनी मोडून पाहिली,
मोडेना तेव्हा हसले
आणि चहा सांगायला गेले.

धूळही पडू लागली होती,
सरळ, बारीक, शिलाई मशिनच्या दिशेनं.

उरलेली रात्र आम्ही दोघांनी
स्टोअरमधला जुना होज पाइपच्या तोंडाला बसवला,
धूळकोठीपर्यंत वळवून नेला.
क्लॅम्प नव्हता. तीच सुतळी वापरली.

पहाटे रिपोर्ट भरला.
दोष: व्हेंट बंद.
कारण, या रकान्यात पेन थांबलं.
ड्रॉइंग माझंच होतं. नऊ वर्षांपूर्वीचं.
त्यात पाइप होता, व्यास होता, कोन होता.
तोंडाखाली कोण बसेल
याला जागा नव्हती.
लिहिलं: ड्रॉइंगमधली चूक. सही केली.

खाली गुंजाळबाई एकदा खोकल्या.
तांबोळीनं आणि मी
एकदम वर, पाइपकडे पाहिलं.