गादीला गादी

सहाशे पोरं येतील, असं पत्रकात होतं.
आली चौदाशे, आणि प्रत्येकामागं एक आई,
नाहीतर बाप, नाहीतर थर्मास घेतलेली आत्या.
बुद्धिबळाची राज्य स्पर्धा, अकरा वर्षांखालची.
आणि मी निवास समिती. म्हणजे मी एकटाच समिती;
केएमटीत तीस वर्षं हजेरी लिहिली
म्हणून वही माझ्या हातात.

स्टँडसमोरची लॉजं संध्याकाळी पाचलाच संपली.
रंकाळ्याकडच्या एकानं
आठशेची खोली अडीच हजारला सांगितली
आणि वर विचारलं, "पोरं दंगा करत्यात काय?"
कार्यालयांत मे महिना,
एक वऱ्हाड हात धुतंय तोवर दुसरं दारात.
कॉलेजच्या होस्टेलला रंग लागत होता.

मग फोन लावत सुटलो.
जिनगोंडा पाटील म्हणाले, बोर्डिंग रिकामं आहे,
पण सूर्य मावळला की चूल बंद.
तालमीतल्या पोरांनी हौद्याच्या कडेनं सतरंज्या टाकल्या,
लाल मातीवर चप्पल न्यायची नाही, एवढंच बजावलं.
उचगावात एकानं ट्रॅक्टरची शेड धुऊन काढली.
रुकडीच्या शाळेत पंखे होते, वीज नव्हती.
यासीन मोमीनची रिक्षा रात्री दीडपर्यंत पळत होती;
मीटर त्यानं टाकलाच नाही.

तरी उरलेच अठ्ठ्याण्णव.
तेव्हा बाळासो मेथे, गुळाचे अडते,
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकून म्हणाले,
"हंगाम संपलाय. गोदाम मोकळं हाय.
वास तेवढा जाणार न्हाई."

रात्री अकराला गोदामात शिरल्या शिरल्या
वर्ध्याच्या एका मुलीनं भिंत चाटून बघितली
आणि ओरडली, गोड आहे!
मग सगळीच भिंतीला.
आया धावल्या. मी वहीत मान घातली.

पहाटे मुंग्या आल्या,
एकेरी रांगेनं, उशांवरून,
उघड्या पटावरून तिरक्या, उंटासारख्या.
कुणी झोपलं नाही. तक्रारही कुणी केली नाही.
तिसऱ्या फेरीत म्हणे गोदामवाली पोरं
पेंगत पेंगत हरली, दोघं सोडून.

पाच दिवसांनी सगळे गेले.
मागं एकवीस चादरी, एक काळं प्यादं,
आणि एक दात, कागदात गुंडाळलेला.

पण माझी नजर बिघडली ती बिघडलीच.
कुठली इमारत दिसली की
आधी तिच्यात माणसं झोपवून बघतो:
पोस्टाचा व्हरांडा, बावीस.
बँकेचा वरचा मजला, साठ, बायकांना आडोसा करून.
बिंदू चौकात उभा राहतो आणि अख्खं गाव
गादीला गादी लावून मोजतो.
संडास मात्र कुठंच पुरत नाहीत.

परवा अक्काताई वही चाळत होती.
बायको माझी. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचते.
बोर्डिंग. तालीम. शेड. गोदाम.
शेवटच्या पानापर्यंत गेली आणि म्हणाली,
"आपलं घर कुठाय ह्यात?"

चार खोल्या. दोघं आपण.
मधल्या खोलीत पोराची कॉट, त्याच्या लग्नापासून रिकामी,
वर गोधड्यांची चळत.

म्हणालो, घाईत राहून गेलं.
ती काही बोलली नाही.
पेन घेतलं आणि गोदामाच्या खाली,
माझ्याहून बऱ्या अक्षरात लिहिलं:
राजारामपुरी, दहावी गल्ली. आठ.
दाटीवाटीनं दहा.