पाणी कोणी मागितलं नाही

आधण आलंय का, ते व्हो-मुओफे
आता कानांनी ठरवतात.
गेल्या हिवाळ्यातला ताप उतरला
तो नाक आणि जीभ सोबत घेऊनच.
तेव्हापासून धूर म्हणजे नुसतं डोळ्यांतलं पाणी,
कांदा म्हणजे नुसता पांढरा.

तीन पायांचं बिडाचं भांडं विस्तवावर,
त्या भिंतीला टेकून, चटईवर पाय पसरून.
"वैर आता," म्हणतात,
आणि मी मक्याचं पीठ मूठमूठ वैरते,
दोन्ही तळव्यांत रवी धरून घुसळते.
"गुठळी झाली," भिंतीकडून आवाज.
झालेली असते.

पीठ शिजताना बोलतं, असं त्यांचं म्हणणं.
आधी पोरांसारखी बडबड,
मग अधूनमधून एखादा शब्द,
शेवटी नुसता फू… फू…
जेवून ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
तो फू आला की उरलेलं पीठ,
आणि वल्ह्याएवढी लाकडी पळी.
रोटोंडवा काठीने भांडं अडवून धरतो,
मी खांद्यातून ओढते.
एक थेंब मनगटावर उडतोच.
माझ्या मनगटावर असे चार गोल डाग आहेत.
त्यांच्या मनगटावरचे मी मोजले नाहीत.

टोमॅटो मात्र मुके.
थोहोयांडूहून शुक्रवारी पिकअपवाला येतो,
ठेचकाळलेल्यांची पेटी निम्म्या दरात देतो,
वर दोन सडके फुकट.
कांदा, ढोबळी मिरची, किसलेलं गाजर,
करी पावडर, डब्यातला राजमा,
आणि ती करंगळीच्या नखाएवढी मिरची
जी त्या देठासकट ठेचायच्या.
तेलात पडताना एकदा चर्र होतं, तेवढंच.
पुढे चकालाका आपल्यातच शिजत राहतो,
कान लावून त्यातलं काही कळत नाही.
म्हणून विचारतात.
"तिखट?"
"बरोबर आहे."
"आलं?"
"नेहमीएवढंच."

नेहमीएवढं नव्हतं.
अकरा वर्षं या घरात मी घाम पुसत जेवले.
आधी दोन मिरच्या कमी केल्या,
कोणी काही बोललं नाही म्हणून आणखी दोन.
माझ्या आईच्या चकालाकात चिमूटभर साखर असायची.
एका बुधवारी तीही घातली.

रविवारी नवरा मुसिनाहून आला,
खाणीतले दोघे मित्र घेऊन.
ओल्या पळीने मी पांढरे पापुद्रे
एकावर एक रचले, वाफ निघतानाच,
गुडघ्यांवर बसून वाढलं.
ते जेवले. फुटबॉलवर भांडले.
रोटोंडवाने खरवड मागून घेतली,
कुडुम कुडुम चावत अंगणात गेला.

भांड्यात पाणी ओतत होते, तेव्हा त्या म्हणाल्या,
"पाणी कोणी मागितलं नाही."
"थंडी आहे ना," मी म्हटलं.
"हं."
त्यांच्या ताटलीत अजून गोळा होता,
अंगठ्याने खळगा पाडलेला, खळग्यात लाल रस.
तो तुकडा त्यांनी तोंडात घातला,
बराच वेळ घोळवला.
"तिखट ही चव नव्हे, पोरी.
तो चटका असतो.
जीभ गेली. चटका गेला नाही."

म्हणजे पहिल्या दोन मिरच्यांपासून.
म्हणजे रोज "तिखट?" विचारायच्या
ते मिरचीसाठी नव्हतंच.
माझे कान तापले,
भांडं घासताना हात उगाच जोरात चालला,
राख नखांत गेली, तरी मी घासत राहिले.
भिंतीकडून आणखी काही आलं नाही.

शुक्रवारी पिकअपचा भोंगा वाजला.
टोमॅटो धुतले,
पाट्यावर आठ मिरच्या मांडल्या,
न विचारता, मोजून, पूर्वीसारख्या.
त्या सरकत जवळ आल्या,
एकेकीचं देठ चाचपलं,
आणि दोन उचलून
एप्रनच्या खिशात टाकल्या.
"सहा पुरेत."

साखरेचं त्यांनी विचारलं नाही.
डबा वरच्या फळीवर आहे.
झाकण उघडताना त्याचा आवाज होतो,
म्हणून मी फोडणी चरचरेपर्यंत थांबते.