पाच मिनिटांचा उजेड

फेअरलीच्या दुकानात, काउंटरवर, दोन दुर्बिणी:
एक सहाशे वीसची, एक आठशे नव्वदची.
मागच्या कपाटात, कुलपात, तीन हजारांची ऑस्ट्रियन.
तिच्याकडे मी दुसऱ्याच्या दागिन्याकडे पाहावं तशी पाहते
आणि नजर खाली आणते.
खाली टोपलीत ऐंशी डॉलरवाल्या,
पोरांनी चंद्र बघून पायरीवर विसरून जाव्यात अशा.
माझी पत मधली.
लोकरीच्या शेडमध्ये दोन हंगाम वाकून
कमावलेली.

फेतू विचारतो, आठ की दहा?
(फेतू म्हणजे तारा. डोक्यावर मात्र ट्यूबलाइट, तीही लुकलुकती.)
दहात डोंगर जवळ येतो, म्हणतो,
पण हाताचा कंपही जवळ येतो.
अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी माझा हात कापत नाही,
असं त्याला ठणकावून मी दहाची उचलते,
आणि समोरच्या खाटकाच्या पाटीवरची अक्षरं
दोरीवरच्या कपड्यांसारखी हलू लागतात.
तो काही बोलत नाही.
चांगला दुकानदार आहे.

तर आठ. तर या दोन.
रबराचा वास सारखाच. वजनात मूठभर तांदळाचा फरक.
एकीचं चाक सैल, दुसरीचं थोडं घट्ट,
थंडीत हातमोज्यांनी फिरेल का, कोण जाणे.
चष्म्यावरून दोन्हींत पूर्ण गोल दिसतो.
मग दोनशे सत्तर जास्त कशाचे?
फेतू म्हणतो, पाच मिनिटांचे.

दाराला 'येतोच' अशी पाटी लावून
तो मला मागच्या अंगणात नेतो.
मार्च संपत आलाय, पंधरा दिवसांत नर ओरडू लागतील.
टेकडीवर उजेड विझतोय,
टसॉकचं गवत आधी सोनेरी, मग मातकट, मग नुसतं काहीतरी.
स्वस्तातली लावते: दगड, दगड, झुडूप, दगड.
महागातली लावते: दगड, दगड, झुडूप,
आणि त्या दगडानं
कान वळवला.

पुन्हा स्वस्तातली. दगड.
दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून आयुष्यात
मी पुष्कळ गोष्टी घेतल्या आहेत.
मोटार, शेगडी, एक नवरा.

पण फर्गसची टोपी तपकिरी होती.
नेव्हिलनं पोलिसांना सांगितलं,
कान हलताना पाहिला.
हात होता तो.
माझा भाऊ टोपी सारखी करत होता.
एक्क्याण्णवचा मे, संध्याकाळचे सव्वापाच,
आणि नेव्हिलच्या पिशवीत दुर्बीण होती,
चांगली होती,
पिशवीत होती.

दर हिवाळ्यात माझ्या दाराशी फोडलेली लाकडं येतात,
नीट रचलेली, साली एका बाजूला.
घंटा कुणी वाजवत नाही.
मी ती जाळते.

अंगणात उभी राहून मी घड्याळ बघते.
स्वस्तातली अंधारते तेव्हापासून
महागातली अंधारेपर्यंत.
सहा, मी म्हणते. पाच नाही, सहा मिनिटं.
फेतू म्हणतो, मग एक मिनिट माझ्याकडून.

बुटांचे तळवे पुढच्या वर्षी.
खोकं नको, बिल नको, गळ्यातच अडकवते.

घरी जाताना पुलाजवळ थांबले.
पलीकडे नेव्हिलच्या स्वयंपाकघरात दिवा.
लावायची नव्हती, पण नवी वस्तू होती, हात गेला.
खिडकी आली. सिंक आलं.
मग हात आले, फक्त हात,
बटाटा सोलणारे,
माझ्यापेक्षा जास्त कापणारे.
चाक फिरवायची गरजच पडली नाही.
बोटन् बोट वेगळं दिसत होतं,
आणि हे हात आहेत,
दुसरं काही नाही,
याबद्दल शंकाच नव्हती.