चारशे बारा

मास्तर, तुम्ही वहीत मथळा घातलात,
'असंतोषाची कारणे'.
समासात एक, दोन, तीन मांडून ठेवलेत
आणि आता पेन्सिल ओठाला लावून
माझ्या तोंडाकडे बघताय.

हा शब्द मला फार उशिरा भेटला.
केळुसात तेव्हा दर्याला लागून
आमचे चौदा माड होते
आणि त्यांना नावं होती.
वाकडो. विहिरीवरचो. आवशीचो.
एक होता मुको,
वाऱ्यातसुद्धा त्याची झावळी वाजत नसे.

बाबा कमरेला कोयता लटकवून चढायचा,
पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला.
पोय हलकेच ठोकायचा,
वासराला थोपटावं तशी,
मग पातळ चकती कापायचा.
उतरला की त्याच्या छातीवर
खोडाचे वळ उमटलेले असायचे.

त्या वर्षी मोघे कारकून आला.
शेजारच्याच गावचा.
गोरा साहेब मी जन्मात पाहिला नाही,
तो कागदाच्या पलीकडे कुठंतरी राहायचा.
मोघ्यानं शिपायाला खूण केली.
शिपायानं पुरुषभर उंचीवर मुक्याची साल तासली
आणि कोरलं: ४१२.

"माडाक नंबर?" बाबा म्हणाला.
"माड खंय पळान जातलो?"

मोघे हसला.
मग हसल्याची त्याला लाज वाटली असावी,
कारण पुढचं सगळं तो वहीत बघून बोलला:
माडामागं इतके रुपये,
आगाऊ,
रस निघो न निघो.

चौदांतले तीन आम्हाला परवडले.
बाकीचे अकरा उभे होते
आमच्याच आगरात, आमच्याच विहिरीच्या पाण्यावर,
त्यांच्याकडे मान वर करून बघायचीही चोरी.
वेंगुर्ल्याच्या बंदरात मक्तेदाराची पिंपं उतरली,
भलत्याच फुलांची तिखट दारू.
ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या माडी निघाली
ते रांगेत उभे राहून ती विकत घेऊ लागले.
हे दोनमध्ये लिहाल की तीनमध्ये?

थांबा. खोडून टाका.
ते हे नव्हे.

अवसेला देवचाराला माडी ठेवायची असते,
एक करवंटीभर.
विकत आणलेली चालत नाही.
म्हणून आठ रात्री बाबा मुक्यावर चढला,
स्वतःच्या माडावर,
कोयत्याला फडकं गुंडाळून.
मी खाली, नऊ वर्षांचा, राखणीला.
आठव्या रात्री तो उतरला
आणि जमिनीवर पाय टेकल्यावर
त्याचे पाय थरथरू लागले.
वर, वाऱ्यात, कधी थरथरले नव्हते.
त्यानं ते माझ्यापासून लपवायला
खाली बसून
उगाच पायातला काटा शोधला.

सकाळी शिपायानं करवंटी हुंगली.
दंड बारा रुपये. आईचा चांदीचा गोट गेला.
ते लिहा, आकडा आहे.
काट्याचं मात्र
तुमच्या रकान्यात कुठं बसतं ते तुम्हीच बघा,
काटा नव्हताच.

पुढं एका तुफानात मुको पडला.
चुलत्यानं व्हाळावर त्याचा साकव घातला,
नंबर वरच्या अंगाला राहिला,
माणसं पाय देऊन जातात.
परवा तुमच्या शाळेतली पोरं त्यावरूनच गेली
शिरोड्याला, मीठ उचलायला,
टोप्या नव्या, पाय चिखलाचे.
त्यातला धाकटा, जिवबा, मागं राहिला.
वाकला.
आकडा बोटानं चाचपला, मोठ्यानं वाचला,
आणि विचारलं,
"आजोबा, ह्या काय?"

"मुको," मी म्हटलं.
"पाय उचल आता. ऊन चढतला."