पसाभर दादर

सुपडू हे नाव त्यांना आवडत नसे.
पाटीवर लिहिलं होतं : एस. टी. बारी, शिवणयंत्र दुरुस्ती.
चोपड्याच्या स्टँडसमोरच टपरी, त्यामुळे
नवखा माणूस शिरपूरची गाडी कधी सुटते
ते त्यांनाच विचारी.
ते सांगत. बरोबर सांगत.

आधीची दोन गेली म्हणून आजीनं
तिसऱ्याला जन्मताच सुपात घातलं,
शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवलं
आणि पसाभर दादर देऊन
परत विकत आणलं.
मृत्यूला वाटावं, हे दुसऱ्याचं लेकरू.
मृत्यूला काय वाटलं कोण जाणे,
अप्पांना मात्र ते खरंच वाटलं असावं.

एकोणीस वर्षं, रोज पहाटे,
अर्ध्या अंगानं गेलेल्या दगाकाकांना
पाटावर बसवून ते न्हाऊ घालत,
गुडघ्यामागं, बोटांच्या बेचक्यांत,
बॉबिनमध्ये अडकलेला दोरा काढावा तितक्या हलक्या हातानं.
मग गंध लावून विचारत, "जाऊ?"
काका डावा डोळा मिटत.
तेवढी परवानगी घेऊन
ते गावाचे होत.

निळ्या पुठ्ठ्याची वही होती, रक्तगटांची.
'भिका वाणी, ए निगेटिव्ह. रात्री उठवलं तर शिव्या देतो, येतो.'
'जुबेर पंक्चरवाला, बी. सुई दिसू देऊ नये.
रोज्यात विचारू नये, स्वतःच विचारेल.'
'तीन नंबर शाळेच्या बाई. सासूला कळता कामा नये.'
सातपुड्यातून झोळीत घालून बाळंतीण आणली
की दवाखान्याचा वॉर्डबॉय सायकल न थांबवताच ओरडे,
"रगत शे का, अप्पा?"
आणि आई ताटावर ताट झाकून ठेवी.
म्हणे, गावाला पुरून उरला तर घराला.

माझ्या हळदीच्या रात्रीही ते नव्हते.
एका बेवारस माणसाला लाकडं मिळत नव्हती.
पहाटे आले, अंगणातच न्हाले,
ओल्या केसांनी माझ्याशेजारी बसून
शालूचा उसवलेला काठ
हातशिलाईनं शिवून दिला.
बोलले नाहीत. मीही नाही.
तो टाका अजून आहे.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली.
शेवटून तिसऱ्या पानावर :
'प्रमिला (घरची), ओ निगेटिव्ह.'
पुढे, 'मॅट्रिक होईस्तोवर नाही.' खोडलेलं.
'अंगावर पाजतेय, नाही.' खोडलेलं.
'हिमोग्लोबिन कमी.' हे कुणी तपासलं होतं?
'सध्या नको', खाली नुसतंच 'नको',
वेगवेगळ्या शाईत.
ज्या गटासाठी ते जळगावपर्यंत पायऱ्या झिजवत
तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटाशेजारी जेवत होता.
तीस वर्षं खोडत खोडत
त्यांनी मला गावापासून लपवलं.
मी उंबऱ्यावर बसले ती वही मांडीवर घेऊन,
आणि त्या शालूच्या रात्रीचा राग
कुठं ठेवू ते मला कळेना.

यंदा आखाजीला त्यांची पहिली घागर भरली.
वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या.
माणसं येत होती. भिका वाणी काठी टेकत आला,
ओट्यावर बसून कुणाला तरी शिव्या देत राहिला.
दुपार टळता वैजापूरकडची रुमाली पावरा आली,
बरोबर तिचा मिसरूड फुटलेला मुलगा.
"हाच तो," एवढंच म्हणाली.
पदराची गाठ सोडून तिनं
पसाभर दादर घागरीपाशी ओतली.
सुपाची गोष्ट तिला माहीत असायचं कारण नव्हतं.
मजुरीत मिळाली होती, आणली.

मी ती सुपात भरून घेतली,
सवयीनं खडे वेचू लागले.
आई सुपाकडे बघत राहिली, बघत राहिली.
म्हणाली, "नेलं शेवटी."
मग उठून
घागरीवरची एक सांजोरी
त्या पोराच्या हातावर ठेवली.