रकाना क्रमांक सात

दर अठ्ठावीस तारखेला माझ्या टेबलावर
दोनशे सहा माणसं येतात.
पायांनी नाही, ओळींनी.
हिंगण्याच्या शेडवर सहाचा भोंगा वाजतो,
बाहेर सायकली, स्कुट्या, चणे-फुटाणेवाला,
आणि मी सातव्या रकान्यात मूळ वेतन भरत असते.

मशीन अकरा : नितेश हेडाऊ, वाइंडर. पंधरा हजार आठशे.
मशीन बारा : प्रमिला टेंभुर्णे, मदतनीस. बारा हजार चारशे.

तांब्याची तार एकाच रिळाची.
त्याच्या दिवसाला बावन्न कॉइल, तिच्या चोपन्न.
मदतनीस म्हणजे कोणाची मदतनीस,
हे मी एकदा विचारलं होतं.
पाठराबे साहेब हसले,
"अहो, शब्द आहे तो. ऑडिटला लागतो."

सात वर्षं हा शब्द मीच टाइप करते आहे.
हे आधीच लिहून टाकते,
पुढे धीर होईल, न होईल.

एका दुपारी डबा खाता खाता हिशेब मांडला,
सहज, पोळीच्या कागदावर.
नितेशच्या दराने मोजलं
तर प्रमिलाचं वर्ष दसऱ्याच्या आसपास संपतं.
पुढचे अडीच महिने ती फुकट येते,
बुटीबोरीहून, दोन बस बदलून.
दसऱ्याला तिनं माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं होतं.
"घ्या मॅडम, सोनं."
मी घेतलं.

परवा मुलाखती होत्या. मी कोपऱ्यात, नोंदी लिहायला.
कोराडीच्या मुलाला विचारलं : डिप्लोमा कुठून, ट्रान्सफॉर्मर उघडलाय का कधी.
टेका नाक्याच्या यास्मिन पठाणला विचारलं :
लग्न ठरलंय का.
रात्रपाळीला घरचे काय म्हणतील.
मूलबाळ झाल्यावर मग काय.
तिनं ओढणी सारखी केली नाही, खाली पाहिलं नाही.
म्हणाली, "सर, माझ्याआधीच्या मुलाला
मूल झाल्यावर तो काय करणार,
हे विचारलं का तुम्ही?"

खोलीत फक्त कूलर.
त्याचं पाणी संपलं होतं, नुसता खडखडत होता.

मी तिचा प्रश्न वहीत लिहिला. तिच्या शब्दांत, प्रश्नचिन्हासकट.
साहेब वाकून म्हणाले, "ते खोडा, लांजेवार मॅडम."
मी पेनाला टोपण लावलं.
एवढंच केलं. शौर्य म्हणावं असं काही नाही,
टोपण लावायला दोन बोटं लागतात.

संध्याकाळी गेटवर प्रमिला भेटली.
वाटलं, आज सांगायचंच हिला, आकड्यांसकट.
सांगितलं.
ती डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाली,
"मले माहीत हाय नं बाई. नितेशनंच दाखवली होती स्लिप.
त्यालेही बरं नाही वाटलं.
पण तुमचं काय?
तुमच्या आधी त्या खुर्चीवर बोकडे भाऊ होते,
त्याइले किती भेटत होते,
पाह्यलं काहून नाही कधी?"

बस आली. ती चढली.
मी उभी.

दोनशे सहा ओळी मला पाठ आहेत.
कोणाचं कर्ज, कोणाची उचल, कोणाच्या किती सुट्ट्या.
एकशे नव्याण्णव क्रमांकाची ओळ माझी,
ती मी नेहमी भराभर भरते,
आरशात न पाहता कुंकू लावावं तशी.

आज परत आत आले. वॉचमनला सांगितलं, छत्री राहिली.
जुनं कपाट, जुना कॉम्प्युटर,
बोकडेंच्या वेळची फाइल.
उघडते आहे.
हळू उघडते.
सातव्या रकान्यावर अजून काहीच दिसत नाही,
नुसता पांढरा चौकोन,
आणि त्यात माझा चेहरा.